यवतमाळ जिल्ह्यातील सरकारी भरपाई : नोंदीचा आणि मोजणीचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील खासगी मालमत्तेच्या, विशेषतः शेतजमिनीच्या आणि पिकाच्या, नुकसानीची दखल सरकारने गेल्या दीडशे वर्षांत तीन वेगवेगळ्या वाटांनी घेतली : दुष्काळाच्या वर्षी आपला शेतसारा सोडून दिला, धरण, रस्ता किंवा खाण यांसाठी जमीन घेतली तेव्हा तिची किंमत दिली, आणि पूर, कीड किंवा वन्यप्राणी यांनी पीक नेले तेव्हा मदत म्हणून काही रक्कम दिली. या तीन वाटांचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या आणि त्यांमागची सरकारची भूमिकाही वेगळी. तरीही तिन्हींच्या इतिहासात एक गोष्ट सारखीच आढळते, ती अशी की नुकसान प्रत्यक्षात किती झाले यापेक्षा ते कोणी मोजले, कशाला एकक धरून मोजले आणि कोणाच्या नावावर नोंदले, यावरच शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार हे ठरत आले.

हा प्रदेश १८५३ च्या तहाने निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला, पण नावापुरते सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले, आणि त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप चालत नसत, ते वऱ्हाडास वेगळ्या अधिसूचनेने लागू करावे लागत. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड या नावाने वेगळा जिल्हा काढण्यात आला, पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला, आणि १९०५ च्या फेररचनेत वाशीमकडचा पुसद तालुका त्यास जोडला जाऊन त्याचे नाव यवतमाळ झाले. जमीनमहसुलासाठी येथे मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धत आणली गेली, म्हणजे प्रत्येक सर्व्हे नंबराची मोजणी आणि प्रतवारी करून त्यावर साधारण तीस वर्षांसाठी सारा कायम करण्यात आला व तो भरण्याची जबाबदारी थेट खातेदारावर टाकण्यात आली. या पद्धतीचा पाया असा होता की सारा ठरवतानाच चांगली-वाईट वर्षे सरासरीत धरली आहेत, म्हणून एखादे वर्ष बुडाले तरी तेवढ्यावरून सूट मागण्याचा शेतकऱ्याला हक्क उरत नाही. कापसाच्या काळ्या जमिनीमुळे वऱ्हाड हा दुष्काळापासून सुरक्षित मुलूख आहे, अशी जी समजूत अधिकारीवर्गात रूढ होती, तिनेही या कडकपणाला बळ दिले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने ती समजूत पार मोडून काढली.

त्यानंतर, विशेषतः हिंदुस्थान सरकारच्या १९०५ च्या ठरावापासून, तहकुबी आणि सूट या दोन सवलतींना निश्चित रूप आले. तहकुबी म्हणजे साऱ्याची वसुली पुढच्या हंगामापर्यंत लांबवणे, आणि सूट म्हणजे तहकूब केलेली रक्कम, लागोपाठची वर्षे वाईट गेल्यास, कायमची सोडून देणे. बी-बियाणे, बैल किंवा विहीर यांसाठी रोख पैसा लागला तर १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याखाली आणि १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याखाली तगाई मिळे, पण तगाई हे कर्जच होते व त्याची वसुली साऱ्याच्या थकबाकीसारखीच होत असे. गेलेल्या पिकाची किंमत सरकारने द्यावी ही कल्पना त्या काळच्या महसुली विचारात नव्हतीच. सरकार फार तर आपला वाटा मागणे थांबवत होते.

ही सवलत कोणाला द्यायची हे आणेवारीने ठरे. पूर्ण पीक सोळा आणे मानून गावातले प्रत्यक्ष पीक किती आणे आले याचा अंदाज पटवारी आणि त्याच्या वरचे महसुली कामगार बांधत, आणि त्या एका आकड्यावर साऱ्या गावाचे भवितव्य अवलंबून राही. दशमान नाणी आल्यावर आण्यांच्या जागी पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, तरी लोकांच्या बोलण्यात जुनाच शब्द टिकला. आजही खरिपाची हंगामी पैसेवारी सप्टेंबरात, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर जाहीर होते. ती पन्नास पैशांच्या खाली गेली तर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती गावाला मिळतात. यातली मूळ अडचण शंभर वर्षांत हललेली नाही. मोजणीचे एकक गाव आहे, वावर नाही. म्हणून नाल्याकाठच्या एखाद्याचे सगळे पीक वाहून गेले आणि उरलेल्या गावाचे बरे आले, तर वाहून गेलेल्याचे नुकसान सरासरीत बुडते. पुढे १९९९ च्या राष्ट्रीय कृषी विमा योजनेने आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने पीककापणी प्रयोगातून सरासरी उत्पन्न काढून त्यावर भरपाई ठरवली, तेव्हा मंडळाला एकक धरल्यामुळे हीच अडचण अधिक मोठ्या क्षेत्रावर पसरली. स्थानिक आपत्तीत वैयक्तिक पंचनाम्याची सोय नव्या योजनेत ठेवली होती, पण त्यासाठी ७२ तासांत सूचना द्यावी लागे, आणि अतिवृष्टीत वीज व रस्ता दोन्ही बंद पडलेल्या गावात ते ७२ तास कसे निघून जात हे झरी-जामणी किंवा उमरखेडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

रयतवारीच्या जोडीला या जिल्ह्यात आणखी एक जमीनधारणा मोठ्या प्रमाणावर होती, ती इजाऱ्याची. १८६५ च्या पडीक जमिनीसंबंधीच्या नियमांखाली ओसाड गावे आणि जंगलपट्टे लागवडीस आणण्यासाठी दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आले, आणि इजारदार म्हणवणारे हे पट्टेदार पुढे आपापल्या गावांचे मालक बनले. मध्य प्रदेश शासनाने १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून हे मध्यस्थ हक्क संपवले तेव्हा, जिल्हा त्या राज्यात असल्यामुळे, इजारा, पालमपट, जहागीर अशा गावांच्या मालकांना निव्वळ उत्पन्नाच्या दसपट भरपाई आणि लहान मालकांना त्याशिवाय पुनर्वसन अनुदान देण्याची तरतूद झाली. चांदा जिल्ह्यातील अहेरीच्या जमीनदाराने या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, पण तोवर पहिल्या घटनादुरुस्तीने तो नवव्या परिशिष्टात गेलेला होता आणि १९५२ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरवला. या प्रसंगाचे महत्त्व असे की भरपाई किती द्यावी हे बाजाराने नव्हे तर विधिमंडळाने ठरवावे, हे तत्त्व येथे प्रथम प्रत्यक्षात आले. इजारदाराचे उत्पन्न दप्तरात नोंदलेले होते, म्हणून त्याची भरपाई मोजता आली. त्याच इजाऱ्यातले जंगल तोडून जमीन वाहितीखाली आणणाऱ्या कोलाम, गोंड आणि बंजारा कुटुंबांच्या श्रमाची मोजणी मात्र कोणत्याही परिशिष्टात नव्हती.

सरकारने स्वतःच्या कामासाठी जमीन घेणे आणि तिची किंमत देणे, हा या इतिहासाचा सर्वांत विस्तृत भाग आहे, आणि त्यावर जवळजवळ एकशेवीस वर्षे १८९४ च्या भूसंपादन कायद्याची छाया राहिली. त्या कायद्याचा क्रम असा होता : कलम ४ ची अधिसूचना निघाली की त्या दिवसाची बाजारकिंमत गोठवली जाई, कलम ६ ने सार्वजनिक प्रयोजन जाहीर होई, कलम ९ च्या नोटिशीने खातेदाराला आपली मागणी मांडावी लागे, आणि कलम ११ खाली भूसंपादन अधिकारी निवाडा, म्हणजे मोबदल्याचा लेखी निर्णय, देई. बाजारकिंमत काढण्यासाठी आसपासच्या गावांतील नोंदणीकृत खरेदीखते पाहिली जात, परंतु मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात खरी किंमत क्वचितच लिहिली जात असल्यामुळे, ज्या व्यवहारांवरून दर काढला जाई तेच मुळात कमी आकड्यांचे असत. संपूर्ण गावाने वर्षानुवर्षे कागदावर जे कमी लिहिले, ते धरणाच्या वेळी त्याच गावाच्या अंगावर उलटले. यात शेतकऱ्याचा दोष फार थोडा होता, कारण जमीन आपल्याकडून सक्तीने घेतली जाईल असे समजून कोणी खरेदीखत लिहीत नसतो.

जिल्ह्यात पूस, अरुणावती, इसापूर आणि बेंबळा या धरणांनी भूसंपादनाचे मोठे टप्पे घडवले. पुसदजवळचे पूस धरण आधीचे. पैनगंगेवरील इसापूर धरणाने यवतमाळ आणि आजच्या हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवरची गावे पाण्याखाली घेतली. आणि बाभूळगाव तालुक्यातील खडक सावंग्याजवळचा बेंबळा प्रकल्प, १९९७ मध्ये स्थापन झालेल्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या काळात पूर्णत्वाकडे गेल्यामुळे, मोबदल्याच्या तंट्यांचे एक मोठे भांडार मागे ठेवून गेला. जमिनीचा दर कोरडवाहू की ओलिताची यावर ठरे, आणि ओलीत सिद्ध होई ते सातबाऱ्यावरच्या विहिरीच्या नोंदीवरून. विहीर वावरात उभी असली तरी नोंदीत नसेल तर जमीन कोरडवाहूच मोजली जाई. फळझाडांचे मूल्य फलोत्पादन अधिकारी, सागाच्या झाडांचे वन विभाग आणि घरांचे सार्वजनिक बांधकाम विभाग काढत असे, म्हणजे एकाच कुटुंबाचे नुकसान चार टेबलांवर चार रीतींनी मोजले जाई. मातीच्या भिंतीच्या आणि कवेलूच्या छपराच्या घराचे वय लक्षात घेऊन घसारा वजा केला की हातात येणाऱ्या रकमेत नव्या गावठाणावर त्याच आकाराचे घर उभे राहणे शक्य नसे.

निवाड्यात दिलेली रक्कम कमी वाटली तर शेतकऱ्यापुढे कलम १८ चा मार्ग होता, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यामार्फत दिवाणी न्यायालयाकडे संदर्भ अर्ज करून वाढीव मोबदला मागणे. मात्र त्यासाठी पैसे उचलताना आपली हरकत लेखी नोंदवलेली असावी लागे, आणि निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहा आठवड्यांत, इतरांना नोटीस मिळाल्यापासून सहा आठवड्यांत किंवा निवाड्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागे. ज्यांना हे कोणी सांगितले त्यांनी वकील गाठला, ज्यांना सांगितले नाही त्यांनी अंगठा उठवून पैसे घेतले, आणि एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंच्या जमिनींना दोन निरनिराळ्या किमती मिळाल्या. ही विषमता दूर करण्यासाठी १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ आणले, ज्यायोगे शेजाऱ्याला न्यायालयाने वाढवून दिलेला दर अर्ज न केलेल्यालाही तीन महिन्यांच्या आत मागता येऊ लागला. त्याच दुरुस्तीने सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के केली, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या काळासाठी १२ टक्क्यांची वार्षिक वाढ दिली, आणि निवाडा दोन वर्षांत देण्याचे बंधन घातले. हे बदल जुन्या कायद्याच्या चौकटीतले सर्वांत मोलाचे होते. तरीही बेंबळासारख्या प्रकल्पातील अनेक प्रकरणे दिवाणी न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेली, आणि ज्या पैशातून दुसरीकडे जमीन घ्यायची तो पैसा जमिनीचे भाव चढून गेल्यावर हाती आला. व्याज रकमेची तूट भरून काढू शकते, पण हातची वेळ गेल्यावर त्याच भावात वावर मिळवून देऊ शकत नाही.

महाराष्ट्राने १९७६, १९८६ आणि १९९९ अशा तीन पुनर्वसन कायद्यांनी प्रकल्पबाधितांना पर्यायी जमीन, गावठाण आणि नोकरीत प्राधान्य देण्याची व्यवस्था केली, पण पर्यायी जमिनीसाठी मोबदल्याचा ठरावीक हिस्सा सरकारकडे भरावा लागे, आणि मोबदला हाती येताच सावकाराचे व सोसायटीचे देणे फेडणाऱ्या कुटुंबाकडे तो हिस्सा उरत नसे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने दिलासा रक्कम थेट शंभर टक्क्यांवर नेली, ग्रामीण भागातील बाजारकिंमतीला दोनपर्यंतच्या गुणांकाने गुणण्याची तरतूद केली आणि खासगी प्रकल्पांसाठी बाधितांच्या संमतीची अट घातली. राज्य शासनाने १२ मे २०१५ च्या निर्णयाने वाटाघाटीतून सरळ खरेदीचा मार्ग उघडला व त्यात २५ टक्के वाढीव रक्कम देऊ केली. राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनाला १९५६ चा स्वतंत्र कायदा असल्याने नागपूर-तुळजापूर मार्गावरच्या शेतकऱ्याला न्यायालयाऐवजी लवादाकडे जावे लागे. त्या कायद्यात नाकारलेली दिलासा रक्कम आणि व्याज सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात मान्य केले. वणी परिसरातील कोळसा खाणींचे संपादन १९५७ च्या कोळसाधारी क्षेत्र कायद्याखाली होत आले आणि तेथे पैशापेक्षा दोन एकरांमागे मिळणारी खाणीतली नोकरीच शेतकऱ्यांना अधिक मोलाची वाटत आली. घाटंजी-आर्णी भागातील निम्न पैनगंगा प्रकल्पाला बुडित क्षेत्रातल्या गावांनी केलेला दीर्घ विरोध पाहता, वाढीव दराने मोबदल्याचा प्रश्न सुटला तरी गावाचा प्रश्न सुटत नाही हेही स्पष्ट होते.

निसर्गाने केलेल्या नुकसानीची मदत या सर्वांपेक्षा वेगळ्या मुळातून आली. तिच्यामागे हक्क नाही, आपत्ती निवारण निधीचे निकष आहेत, आणि शासन निर्णयांत तिचा उल्लेख मोबदला म्हणून न होता अनुदान किंवा सानुग्रह साहाय्य, म्हणजे कायद्याचे बंधन नसताना दिलेली रक्कम, म्हणून होतो. २०१५ च्या केंद्रीय निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये, ओलिताच्या पिकाला १३,५०० आणि बहुवार्षिक पिकाला १८,००० रुपये दोन हेक्टरांच्या मर्यादेत मिळत, आणि त्यासाठी किमान ३३ टक्के नुकसान असावे लागे. त्याआधी ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ पासून केंद्राचे दर ८,५००, १७,००० आणि २२,५०० झाले. त्या वर्षी राज्याने आपल्या तिजोरीतून जिरायतीसाठी १३,६०० रुपये आणि तीन हेक्टरांची मर्यादा दिली.

या व्यवस्थेची सर्वांत कठोर परीक्षा २०१७ च्या खरिपात झाली. गुलाबी बोंडअळीने यवतमाळसह विदर्भातील कापूस पोखरला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० आणि ओलिताच्या कापसाला ३७,५०० रुपयांची घोषणा केली. पहिल्या आकड्यात ६,८०० रुपये आपत्ती निधीतून, ८,००० पीक विम्यातून आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून येतील असे गृहीत धरलेले होते, म्हणजे घोषित रकमेपैकी निम्म्याहून अधिक भाग अशा पक्षावर अवलंबून होता ज्याने ती देण्याचे मान्य केलेले नव्हते. राज्याच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली शेतकऱ्यांनी ज्या तक्रारी ‘जी’ नमुन्यात भरल्या, त्यांना बियाण्याची पावती आणि लॉट क्रमांक जोडावा लागला. उधारीवर किंवा कच्च्या चिठ्ठीवर बियाणे घेतलेल्यांची बाजू तेथेच लंगडी पडली. कंपन्यांनी अळीचा प्रादुर्भाव हा बियाण्याचा दोष नाही अशी भूमिका घेतली, आणि शेतकऱ्यांपर्यंत मुख्यतः पोचली ती आपत्ती निधीच्या दराने दिलेली सरकारी रक्कम. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे दगावली. शासनाने वारसांना दोन लाख रुपये जाहीर केले. मरणाऱ्यांत दुसऱ्याच्या वावरात मजुरीने फवारणी करणारे बरेच होते, आणि पिकाच्या कोणत्याही पंचनाम्यात त्यांचे नाव येण्याचे कारण नव्हते.

वन्यप्राण्यांच्या बाबतीतही नोंदीचाच प्रश्न पुढे येतो. १९९७ मध्ये अभयारण्य झालेल्या टिपेश्वराभोवती आणि राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वाघाने मारलेल्या जनावराची भरपाई, जनावराचे कलेवर जागेवर असेपर्यंत पंचनामा झाला तर मिळू शकते. १३ मृत्यूंचा ठपका असलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली त्या काळात तर या भागातील गुराख्यांनी रानात जाणेच सोडले होते, आणि चराई बुडाल्याच्या नुकसानीला कोणताही नमुना नव्हता. रोही आणि रानडुकरे रात्रीत जे पीक तुडवतात त्याचा पंचनामा वन, महसूल आणि कृषी अशा तीन खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी करायचा असतो, त्यामुळे अल्पभूधारक पुष्कळदा तक्रारच करत नाही आणि सरकारी आकडेवारीत त्याचे नुकसान शून्य राहते.

भूसंपादनाचा मोबदला आणि आपत्तीची मदत या दोन वाटांमधले अंतर किती आहे, हे जुलै २०२३ मध्ये पैनगंगेला आलेल्या पुरासारख्या घटनांत दिसते. पुराने वावराची माती खरडून नेली, म्हणजे जमीन पीक घेण्याच्या योग्यतेची उरली नाही, तर आपत्ती निकषांत अल्प व अत्यल्पभूधारकाला हेक्टरी ४७,००० रुपये मिळतात. तीच जमीन सरकारने धरणासाठी घेतली असती तर बाजारकिंमत, गुणांक आणि शंभर टक्के दिलासा यांमुळे रक्कम कित्येक पटींनी वाढली असती. नदीने केलेल्या नुकसानीची जबाबदारी सरकारवर नाही हे कायदेशीरदृष्ट्या खरे आहे. परंतु धरणाचे दरवाजे उघडल्याने खालच्या गावांत पाणी शिरते, किंवा कालव्याच्या पाझराने काळी जमीन चिभडते, तेव्हा निसर्ग आणि सरकार यांतली रेषा पुसट होते, आणि अशा नुकसानीला मदतीच्या दराने मोजणे हे सरकारने स्वतःच्या बांधकामाची किंमत शेतकऱ्याकडून वसूल करण्यासारखे आहे.

मोजणीत सर्वांत कमी दिसणारा घटक म्हणजे दुसऱ्याची जमीन मक्त्याने, म्हणजे ठरावीक रोख रकमेवर, किंवा बटईने कसणारा शेतकरी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारी कुळे, वाटेकरी आणि शेतमजूर यांचा समावेश केला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टा मिळालेली कोलाम व गोंड कुटुंबेही त्यात आली. मात्र ही तीन वर्षे सिद्ध करायला कागद लागतो, आणि तोच कागद या जिल्ह्यात मुद्दाम टाळला जातो. विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याने कुळांना मालकी हक्क देऊ केला, तेव्हापासून दप्तरात कुळाचे नाव लागू नये याची काळजी मालक घेत आले, आणि मक्ता तोंडी, एका हंगामाचा आणि दरवर्षी नवा होत गेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पीक मोबाइलवरून नोंदले जाऊ लागले, तरी नोंद होते ती खातेदाराच्या खात्यावर, आणि अतिवृष्टीचे अनुदान जमा होते तेही खातेदाराच्याच बँक खात्यात. ज्याने बियाणे विकत घेतले, मक्त्याची रक्कम आगाऊ मोजली आणि पीक गमावले, त्याला त्या अनुदानातला वाटा मिळणे हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर राहते. नीती आयोगाने २०१६ मध्ये सुचवलेल्या आदर्श भूभाडेपट्टा कायद्यात, मालकाची मालकी अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळावी यासाठी भाडेपट्टा लेखी करण्याची वाट दाखवलेली आहे. यवतमाळच्या मक्तेदाराची गरज नेमकी तीच आहे, आणि मालकाची भीती दूर करणारी हमी त्या लेखी करारातच घातल्याखेरीज तो करार गावात कोणी करणार नाही.